पोत्यातली मांजर कोणाची?

“एवढा कळवळा आहे तर घरात घेऊन जा.” पेण असो की रोहा, मांजरांना खायला घालणाऱ्या माणसाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावंच लागतं. पाठोपाठ दुसरं येतं, “खायला तुम्ही घालता म्हणजे मालक तुम्ही. तिने केलेली घाण तुम्ही काढा, तिने फाडलेल्या सीट-कव्हरचे पैसे तुम्ही भरा.” आणि मग जरा आवाज उतरवून तिसरं, “नाहीतर आम्ही देतो सोडून कुठेतरी लांब.” तीनही वाक्यं एकाच तोंडातून एका दमात निघतात, आणि ती एकमेकांच्या पायात पाय घालतात हे बोलणाऱ्याच्या गावीही नसतं. मांजर माझी असेल तर मला न विचारता ती उचलून नेण्याचा अधिकार तुम्हाला नाही. ती माझी नसेल तर तिच्या घाणीचं बिल माझ्या नावाने फाडता येत नाही. दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा.

हा युक्तिवाद जिन्यातल्या कुरबुरीपुरता होता तोवर सोडून देण्यासारखा होता. पण आता त्याला सोसायटीचं लेटरहेड मिळालं आहे. ‘आवारात प्राण्यांना खाद्य टाकण्यास सक्त मनाई, अन्यथा दंड’ अशा नोटिसा लिफ्टशेजारी चिकटवल्या जातात, वार्षिक सभेत ‘सर्वानुमते’ ठराव होतात, आणि जी बाई रोज संध्याकाळी वाटीभर भात-मासळी ठेवते तिच्याशी शेजारी बोलेनासे होतात. म्हणून त्याचा प्रतिवाद करायला हवा, आणि तोही भूतदयेच्या गोष्टी न सांगता. भूतदया ज्याला पटायची त्याला आधीच पटलेली असते.

मालकीपासूनच सुरुवात करू. पेणच्या जुन्या आळ्यांमध्ये ‘मांजर कोणाची’ हा प्रश्न कुणाला पडत नसे. पोह्यांच्या गिरण्या, भाताच्या कणग्या, पापडांचे डबे, गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती बांधायला आणलेला पेंढा आणि गोणपाट; उंदराची एवढी चंगळ ज्या गावात, तिथे मांजर ही गरज होती. (मूर्तीच्या पायाशी बसलेल्या उंदराचे डोळे बारीक ब्रशने रेखायचे आणि माळ्यावरच्या उंदरांसाठी मांजर बाळगायची, यात पेणच्या कारागिराला कधी विसंगती वाटलेली नाही. वाटण्याचं कारणही नाही.) ती दुपारी एकाच्या ओटीवर झोपायची, रात्री दुसऱ्याच्या कौलांवर फिरायची आणि पिल्लं तिसऱ्याच्या माळ्यावर घालायची. मग वाडा पडला. जागेवर स्टिल्टची पाच मजली इमारत उभी राहिली. मालकाला फ्लॅट मिळाले, भाडेकरूला पैसे मिळाले, आणि मांजर जागच्या जागी राहिली. कौलं गेली, बॉनेटं आली, एवढाच तिच्यापुरता फरक. आता वाशी-ठाण्याहून इथे घर घेतलेला माणूस तिला पार्किंगमध्ये पाहतो आणि ‘ही कुठून आली?’ असं विचारतो. ती कुठूनच आलेली नाही.

रोह्याचा मासळी बाजार तर या मालकीच्या कल्पनेची रोजच थट्टा करतो. कोळीण विळीवर बांगडा उभा धरते, एका ओढीत पोट फाडते, आतडी बोटाने बाजूला सारते आणि मान न वळवता डोकं मागे टाकते. ते जमिनीवर पडायच्या आत उचललं जातं. पाटीला तोंड लावलं तर तीच कोळीण पाण्याचा हबका मारते, आणि मांजर हातभर मागे सरून पुन्हा बसते. वर्षानुवर्षं चालत आलेला हा तह आहे. या बाईला जाऊन सांगा, ‘तू डोकं टाकलंस, म्हणजे मांजर तुझी, तिची नसबंदी, लस, घाण सगळं तुझ्या नावावर.’ ती काय उत्तर देईल ते छापण्यासारखं नसेल.

आता कायदा. ‘कायद्याने मालक तुम्हीच’ असं ठणकावणारे सहसा कायदा उघडून बघत नाहीत, पण त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी स्वतःच मांडतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा. त्याच्या दुसऱ्या कलमात ‘मालक’ या शब्दाची व्याख्या बरीच सैल आहे. ज्याने विकत घेतलं तोच मालक असं नाही, तर त्या वेळेपुरता ज्याच्या कब्जात किंवा ताब्यात प्राणी आहे तोही मालक, मग खऱ्या मालकाची संमती असो वा नसो. तिसरं कलम म्हणतं की प्राणी ज्याच्या देखभालीत किंवा ताब्यात आहे त्याने त्याच्या क्षेमाची वाजवी काळजी घेतली पाहिजे आणि त्याला विनाकारण यातना होऊ देता कामा नये. घ्या, म्हणतील आमचे सचिव, झालं की सिद्ध!

नाही झालं. कब्जा म्हणजे दार लावता येणं. जी मांजर रात्री माझ्या फ्लॅटमध्ये कोंडलेली असते, जिला मी पिंजऱ्यात घालून डॉक्टरकडे नेतो, ती माझी. पावती असो नसो. जी वाटी चाटून भिंतीवरून पलीकडच्या आवारात जाते, ती माझ्या कब्जात कधीच नव्हती. शिवाय २०२३ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने जे प्राणी जन्म नियंत्रण नियम आणले, त्यांत अशा प्राण्यासाठी वेगळा शब्दच आहे, ‘सामुदायिक प्राणी’. वस्तीत जन्मलेला, ज्याच्यावर कुणी मालकी सांगितलेली नाही आणि जो वन्यप्राणी नाही, तो. या नियमांचा जवळजवळ सगळा भर कुत्र्यांवर आहे हे खरं. पण खाद्याविषयीचा विसावा नियम लिहिताना शब्द ‘कुत्रा’ वापरलेला नाही, ‘सामुदायिक प्राणी’ वापरला आहे. आणि तो नियम काय सांगतो? खायला घालण्याची व्यवस्था लावणं ही रहिवासी संघटनेची किंवा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीची जबाबदारी आहे. खायला घालणाऱ्याला बरोबर घेऊन जागा ठरवायची; ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून दूर असावी; वेळ मुलांची आणि वृद्धांची वर्दळ नसेल अशी असावी; आणि घालणाऱ्याने मागे घाण ठेवू नये. वाद झालाच तर तो मिटवायला एक समिती, जिच्यात पशुवैद्यकीय अधिकारी आहेत, पोलिसांचा प्रतिनिधी आहे, तक्रारदार आहे आणि सोसायटीचा माणूसही आहे. म्हणजे ‘आवारात सक्त मनाई’ ही नोटीस लावणारी सोसायटी स्वतःवर टाकलेलं काम झटकते, आणि ते काम करणाऱ्यालाच वर दंड लावते.

पण खरी गंमत पोत्यात आहे.

आपल्याकडे मांजर मारत नाहीत. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर दान करावी लागते, अशी समजूत अजून आहे, आणि सोन्याचा भाव पाहता ती मांजरांच्या पथ्यावरच पडली आहे. मग मारायची नाही तर काय करायचं? पोत्यात घालून सोडायची. रोह्यात राहणाऱ्याला कुंडलिका ओलांडून अष्टमीकडे गेलं की झालं. पेणमध्ये वडखळच्या बाजूला, हायवेवरच्या एखाद्या ढाब्यामागे. ‘मासळी बाजारात सोडली, तिथे काय खायला कमी?’ असं म्हणत हात झटकायचे. हे करणारी माणसं दुष्ट नसतात. आपण पाप टाळलं असं त्यांना मनापासून वाटत असतं.

आता ती मघाची सैल व्याख्या पुन्हा वाचा. ज्याच्या कब्जात किंवा ताब्यात त्या वेळी प्राणी आहे, तो मालक. पार्किंगमधल्या मांजरीला वाटीत भात घालणारी बाई तिच्यावर कधीच कब्जा सांगत नाही. पण तिला पकडून पोत्यात घालणारा, पोत्याचं तोंड सुतळीने आवळणारा आणि स्कूटरच्या पायाशी ठेवून नेणारा माणूस मात्र त्या अर्ध्या तासापुरता कायद्याने तिचा मालक असतो. मालकाची सगळी कर्तव्यं त्याला लागू होतात. तिला हालचालही करता येणार नाही अशा जागेत कोंडणं, यातना होतील अशा रीतीने वाहून नेणं, आणि उपाशी-तहानेली मरण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी विनाकारण सोडून देणं, हे तिन्ही गुन्हे अकराव्या कलमात लिहिलेले आहेत. सभेत ‘मालक कोण?’ म्हणून बोट रोखणाऱ्याला उत्तर हवं असेल तर ते हे आहे, साहेब: ज्या दिवशी तुम्ही वॉचमनला पोतं आणायला सांगितलंत, त्या दिवशी तुम्ही.

‘तिथे काय खायला कमी’ हेही खरं नाही. मांजर जागेला धरून राहणारं जनावर आहे. अनोळखी बाजारात आधीच्या मांजरी नवीला टिकू देत नाहीत. ती परतीचा रस्ता धरते आणि हायवेवर संपते. तिच्या मागे बॉयलरखाली किंवा मीटरच्या खोलीत पिल्लं असतील तर ती तिथेच. आणि इकडे रिकाम्या झालेल्या पार्किंगमध्ये काही महिन्यांत शेजारच्या गल्लीतली दुसरी येते, कारण कचऱ्याचा डबा तिथेच आहे, उंदीर तिथेच आहेत, आडोसा तिथेच आहे. पोतं हा उपाय म्हणूनही नापास आहे.

शिक्षा किती, हे सांगायला मला लाज वाटते. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड. १९६० मध्ये ती रक्कम काहीतरी असेल. आज तेवढ्यात वडखळ नाक्यावर दोन वडापाव येतात. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर १०० रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. २०२२ मध्ये सुधारणेचा मसुदा केंद्राने लोकांसमोर ठेवला होता, त्याचं अजून कायद्यात रूपांतर झालेलं नाही. शिवाय मूळ कायद्यातली बहुतेक कलमं अदखलपात्र, म्हणजे पोलीस ठाण्यात ‘एनसी’ लिहून बोळवण होते. आणि एक गोष्ट मांजरप्रेमींनाही माहीत नसते: या कायद्याखाली खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. ‘गणपती झाल्यावर बघू’ म्हणत बसलात तर ते दारही बंद.

विष घालणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, तिचं कलम ३२५ प्राण्याला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. जुन्या दंड संहितेत प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास, यावर कलम बदलत होतं. ती किंमत आता काढून टाकली आहे. पण इथे एक मेख आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हा गुन्हा ‘आगळीक’ या सदरातला, म्हणजे कुणाचं तरी नुकसान करण्याचा. बेवारस मांजर मेली तर नुकसान कुणाचं, असा सवाल आरोपीचा वकील करणारच. म्हणून ज्यांनी खर्च केला, लस टोचली, नसबंदी करून आणली, त्यांनी कागद जपून ठेवावेत. मांजर मेलेली सापडली तर भावनेच्या भरात बागेत पुरू नका. पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि सरकारी पशुवैद्याकडून शवविच्छेदन करून घ्या. विष होतं हे कागदावर आलं नाही तर कायदा जागचा हलत नाही.

सध्या एक नवं हत्यार व्हॉट्सॲपवर फिरतं. ‘सुप्रीम कोर्टाने खायला घालायला बंदी केली, वाचा.’ वाचलं. २२ ऑगस्ट २०२५ चा आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल आहे. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे, पिसाळलेले आणि आक्रमक सोडून, जिथून उचलले तिथेच सोडावेत. खायला ठरवून दिलेल्या जागी घालावं, रस्त्यावर कुठेही नाही. ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा जागांमधल्या कुत्र्यांबद्दल. दोन्हींत मांजरीचा विषय नाही. कुत्र्याच्या चाव्याची भीती खरी आहे, लहान मुलं त्यात दगावली आहेत, म्हणून न्यायालय कडक झालं. तो कडकपणा पार्किंगमधल्या मांजरीच्या नावावर खपवायचा, हे म्हणजे शेजाऱ्याचं समन्स माझ्या दारावर चिकटवण्यासारखं आहे. आणि न्यायालयांच्याच गोष्टी करायच्या तर २०२३ मध्ये कांदिवलीच्या एका सोसायटीच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं होतं की भटक्या कुत्र्यांचा द्वेष आणि त्यांच्याशी क्रौर्य नागरी समाजातल्या माणसांकडून मान्य होण्यासारखं नाही. तेही कुत्र्यांबद्दलच होतं, हे मी लपवत नाही. पण हे फॉरवर्ड कुणी करत नाही.

घरात पाळलेल्या मांजरीबद्दलही तोच गोंधळ. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, असा त्यांचा रोख आहे. त्या मुख्यतः कुत्र्यांसाठी लिहिल्या आहेत, आणि त्या सूचना आहेत, कायदा नव्हे. पण सोसायटीचा ठराव तर त्याहूनही खालच्या पायरीवर बसतो. दंड लावायचा तर मंजूर उपविधीत तशी तरतूद हवी, नोटीस हवी, म्हणणं मांडायची संधी हवी. सचिवांना राग आला हे कारण पुरत नाही. भाडेकरूची गोष्ट मात्र निराळी. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात ‘प्राणी नको’ अशी अट आहे आणि त्याखाली तुमची सही आहे, तर सोसायटीशी भांडायच्या सूचना घरमालकासमोर फडकवू नका. सही करायच्या आधी बोलायला हवं होतं.

मग आरोग्याचा मुद्दा येतो, आणि तो पोकळ नाही. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना दम्याचा त्रास आहे, मांजरीच्या अंगावरच्या कोंड्याने तो वाढतो, हे खरं. गरोदर बाईला टॉक्सोप्लाझ्माची भीती घातली जाते, तीही निराधार नाही. पण त्या परजीवीची अंडी विष्ठेत पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे रोज साफ होणारी वाळू हा धोका जवळपास संपवते, आणि अर्धकच्चं मटण व न धुतलेली भाजी यांतून तो येतो ते वेगळंच. मांजर चावली किंवा तिने ओरबाडून रक्त काढलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यायची. ‘मांजरच तर होती’ हा हलगर्जीपणा मांजरप्रेमींमध्ये जास्त दिसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

पण ताळेबंद मांडायचा तर दुसरा रकानाही भरा. लेप्टो कोकणाला नवीन नाही. उंदराचं मूत्र, साचलेलं पाणी, पायाची चिरलेली टाच. दर पावसाळ्यात तेच. कुंडलिका चढली की रोह्यात पाणी कुठवर येतं ते सांगायला नको. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं गावोगाव माणसं मेली. त्या काळात ब्यूकॅनन नावाच्या लष्करी डॉक्टरने १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहून हिंदुस्थानातल्या गावांनी मांजरं बाळगावीत, ती प्लेग थोपवतात, असा आग्रह धरला होता. त्याचा उत्साह जरा जास्तच होता. मांजरीलाही प्लेग होऊ शकतो हे आपल्याला आज माहीत आहे. म्हणून मांजर म्हणजे औषध, असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणतो की मांजर गेल्यावर रोग जातात हा हिशेब अर्धाच मांडलेला आहे.

आणखी एक टोमणा असतो, ‘ही शहरातली फॅडं’. ९ एप्रिल २०२४ ला नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात बायोगॅसची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडली. तिला काढायला एक उतरला, त्याच्यासाठी दुसरा, मग तिसरा. पाच जणांचा जीव गेला. असं उतरू नये. विषारी वायू असलेल्या खड्ड्यात मांजरासाठीच काय, माणसासाठीही योग्य साधनांशिवाय उतरू नये. पण त्या शेतकऱ्यांना कुठल्या शहरातलं फॅड शिवलं होतं?

इथवर मान डोलावत आलेल्या माझ्या मांजरप्रेमी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो, कारण सचिवांच्या हातात काठी तुम्हीच देता. जिन्याच्या वळणावर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवलेला मासळीचा काटा सकाळी मुंग्यांनी भरलेला असतो, तो कोण उचलतो? झाडूवाली. बोके रात्रभर भांडतात, पार्किंगमधल्या प्रत्येक टायरवर मुततात, आणि त्या वासावर तुमचं उत्तर ‘निसर्ग आहे’. संविधानातलं ५१ अ कलम तुमच्या तोंडपाठ असतं, प्राणिमात्रांविषयी करुणा हे नागरिकाचं कर्तव्य. पण कर्तव्याचं कलम हक्कासारखं वापरायची सवय तुम्हाला लागली आहे. पाच-सहा महिन्यांची मादी माजावर येते, दोन महिन्यांत विते, पिल्लं अंगावर असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आपल्याकडच्या उबदार हवेत तिला फारसा खंडही नसतो. नसबंदीशिवाय नुसतं खायला घालणं म्हणजे पुढच्या वर्षीची भुकेली पिल्लं आज तयार करणं. त्यातली कित्येक पावसाळ्यात मरतात आणि तुम्ही रडता.

पुण्यात हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये तीनशेच्या वर मांजरी आढळल्या. शेजारी २०२० पासून तक्रार करत होते, तेव्हा आकडा पन्नासच्या आसपास होता. महापालिका, पशुसंवर्धन खातं, पोलीस सगळे आले, मांजरी हलवण्याची नोटीस निघाली. अशा घरात मांजरीला ना हवा मिळते, ना औषध, ना शांतता. इथे दार लावलेलं आहे, कब्जा आहे, म्हणून मघाचं तिसरं कलम पूर्ण ताकदीने लागू होतं. शेजाऱ्यांची तक्रार इथे शंभर टक्के योग्य होती, आणि अशा वेळी मांजरप्रेमींनी शेजाऱ्यांच्या बाजूने उभं राहायला हवं. उपद्रवाचे कायदे मांजर पाळणाऱ्यालाही लागू आहेत. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला आणि माणसाला धोका झाला तर न्याय संहितेचं कलम २९१ आहेच, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड.

प्रेमाने केलेलं नुकसानही नुकसानच. मांजर तापली म्हणून घरातली पॅरासिटामोलची अर्धी गोळी दुधातून देणारे आहेत. मांजरीचं शरीर ते औषध पचवू शकत नाही. अर्ध्या गोळीनेही ती मरू शकते. आणि फणसाड अभयारण्याच्या कडेला, रोहा-मुरूडच्या बाजूला, कुणाला करवंदीच्या जाळीत पट्टेरी पिल्लू सापडतं, ‘किती गोड’ म्हणून घरी येतं, ते बाऊल निघतं. रानमांजर घरात बाळगणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि आईने पिल्लू टाकलेलं नसतं, ती शिकारीला गेलेली असते. ते होतं तिथेच ठेवा.

आता ज्यांचं नाव या भांडणात कुणी घेत नाही त्यांच्याकडे. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये मांजरांच्या नसबंदीचा कार्यक्रम संस्थांच्या मदतीने हाती घेतला. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांच्या नोंदणीची भूमिका घेतली. पेण नगर परिषद आणि रोहा-अष्टमी नगर परिषद यांच्याकडे महापालिकेइतका पैसा नाही, मान्य. पण पाच मजली इमारतींना परवानगी देताना जो विकास दिसतो, त्याच्या पार्किंगमधल्या मांजरीही त्याच नकाशात आहेत. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना मुळात गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभा राहिला. मांजरीची नसबंदी करायची तर माणूस पनवेल गाठतो किंवा थेट परळला, १८७४ पासून प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या बाई साकरबाई रुग्णालयात. रोह्याहून मेमूत मांजरीची पिशवी मांडीवर घेऊन जाणाऱ्या बाईला ‘नसबंदी का करत नाही?’ असं विचारणं सोपं आहे. तिने सुट्टी टाकली, तिकीट काढलं, औषधांचे पैसे दिले. नगर परिषदेने काय टाकलं?

जिल्हा पातळीवर प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असा २००१ चा नियम आहे. तिच्याकडे, पशुसंवर्धन खात्याकडे आणि नगर परिषदेकडे एकच मागणी करता येते: वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, मांजरांच्या नसबंदीचं शिबिर. पिंजरे नगर परिषदेचे, डॉक्टर बाहेरून बोलावलेला, मांजरी पकडून आणणं आणि टाके सुकेपर्यंत सांभाळणं खायला घालणाऱ्यांकडे. नसबंदी झालेल्या मांजरीच्या कानाचं टोक सरळ कापायचं, म्हणजे तीच पुन्हा पकडली जाणार नाही आणि कुणाची झाली, कुणाची राहिली हे दुरून कळेल. मग तिला तिच्याच आवारात सोडायचं. बोक्यांची भांडणं आणि मुताचा वास नसबंदीने बराच कमी होतो, म्हणजे ज्यांना मांजर नको आहे त्यांचाच यात जास्त फायदा.

तोवर सोसायटीला पुढच्या सभेत ठराव करायचाच असेल तर मजकूर मी देतो, वापरा: ‘मागच्या भिंतीलगत, पंपाच्या खोलीशेजारी, रात्री नऊ ते साडेनऊ या वेळेत मांजरांना खायला ठेवता येईल. साडेनऊनंतर भांडं आणि उरलेलं अन्न ठेवणाऱ्याने उचलावं. आवारातल्या मांजरींची वही ठेवली जाईल, तिच्यात नसबंदीची आणि लसीची तारीख लिहिली जाईल. नसबंदीचा निम्मा खर्च पावती दाखवल्यावर सोसायटी देईल. मांजर आवाराबाहेर नेऊन सोडणाऱ्याविरुद्ध सोसायटी स्वतः तक्रार करेल.’ शेवटच्या वाक्यावर मतदान घ्या, हात वर करून. कोणाचा हात खाली राहतो ते इतिवृत्तात लिहायला विसरू नका.